सुधाकराचा दोष, चूक की प्रमाद?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलं आहे: 'आमच्या वाचनमंडळात सध्या राम गणेश गडकऱ्यांचं "एकच प्याला" हे नाटक चालू आहे. बोलता बोलता मी म्हटलं, दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या नायकाला, सुधाकराला, त्याचा प्रमाद भोवला. त्यावर एक वहिनी म्हणाल्या, "प्रमाद? सुधाकर आळशी कुठे होता?" त्यांचं शिक्षण गुजराती शाळेतून झालेलं. एका निवृत्त प्राध्यापक काकांनी तर "स्वभावदोष म्हणा, शोकांतिकेत तोच शास्त्रशुद्ध शब्द" असा निकालच दिला. आमच्यात बरोबर कोण? आणि या हिशेबात त्याच्या बायकोचं, सिंधूचं काय?'

वहिनींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. गुजरातीत प्रमाद म्हणजे सुस्ती, आळस आणि प्रमादी म्हणजे आळशी. हा अर्थ गुजरातीने काही पदरचा घातलेला नाही. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण माणसाला कशाने बांधतो, तर 'प्रमादालस्यनिद्राभिः'. तिथे प्रमाद आळसाला खेटूनच बसलेला आहे. महावीरांनी आपल्या गौतम या शिष्याला केलेला 'समयं गोयम मा पमायए' हा उपदेश गुजरातेतल्या जैन घरांत परिचयाचा; क्षणभरही गाफील राहू नकोस, असा त्याचा भाव. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश दोन शब्दांत सांगून मोकळा होतो: 'प्रमादोऽनवधानता'. म्हणजे अवधान सुटणं. आता अवधान सुटलेल्या माणसाकडे दोन बाजूंनी बघता येतं. गुजरातीने त्याची सुस्ती पाहिली. मराठीने त्या अवस्थेत त्याच्याकडून जे होऊन बसतं ते पाहिलं. बडोद्यात दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात, तेव्हा असा घोळ व्हायचाच.

मराठीतला फरक कळायला शब्दकोशापेक्षा क्रियापदं जास्त कामाला येतात. दोष असतो, जडतो, दुसऱ्याला देताही येतो. चूक होते, करता येते, दाखवता येते, दुरुस्त करता येते. प्रमाद मात्र घडतो, आणि बहुतेक वेळा 'हातून' घडतो. 'प्रमाद दुरुस्त केला' हे वाक्य कानाला खटकतं. त्या 'हातून'मध्ये बरंच काही आहे. 'मी कपबशी फोडली' आणि 'माझ्या हातून कपबशी फुटली' यांत कपबशीचं नुकसान तेवढंच, पण दुसऱ्या वाक्यात हात माझा असूनही करणारा मी पुरता नाही. जबाबदारी झटकलेली नाही आणि हेतूही कबूल केलेला नाही. शोकनायक, म्हणजे शोकांतिकेचा नायक, नेमका या मधल्या जागेत उभा असतो. शाकुंतलातलं उदाहरण घ्या. दुष्यंताच्या विचारात बुडालेल्या शकुंतलेला दारात आलेले दुर्वास दिसत नाहीत. हा तिचा दुर्गुण नाही, तिला अपमानही करायचा नव्हता. तिचं अवधान दुसरीकडे होतं. अमरकोशातला प्रमाद तो हाच. फक्त कालिदासाने पुढे अंगठी सापडू दिली, म्हणून शोकांतिका टळली.

आता काकांचा 'स्वभावदोष'. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त शोकनायकाबद्दल सांगितलं ते थोडक्यात असं, की तो फार सज्जन नको, दुष्टही नको. त्याच्यावर कोसळणारं संकट दुष्टपणातून न येता 'हमार्तिया'तून यावं. हा ग्रीक शब्द ज्या धातूवरून आला त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. त्याने उदाहरण दिलं ग्रीक नाटकातल्या ईडिपस राजाचं. वाटेत भांडणात ज्याला मारलं तो आपला बाप, हे ईडिपसला ठाऊकच नव्हतं. पुढे इंग्रजी समीक्षेत याच शब्दाला 'स्वभावातलं वैगुण्य' असा अर्थ चिकटला आणि तिथून तो आपल्या वर्गांमध्ये आला. मग हॅम्लेटचा दोष चंचलपणा, ऑथेल्लोचा दोष संशय, अशी प्रत्येक नायकाच्या नावापुढे एकेक रोग लिहून ठेवायची सवय लागली. परीक्षेला ती सोयीची आहे, हे मान्य. पण ऑथेल्लो काही जन्माचा संशयी नाही. हाताखालच्या इयागोने शेजारी बसून त्याच्या मनात विष ओतलं, तेव्हा तो संशयाला लागला.

हमार्तियाला सगळ्यांत जवळचा मराठी शब्द खरं तर साधी 'चूक'. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते. व्याकरणही बघण्यासारखं आहे: 'त्याने चूक केली', पण 'तो चुकला'. दुसऱ्या वाक्यात 'ने' गळतो आणि त्याच्याबरोबर कर्तेपणाचा थोडा भारही उतरतो. अडचण एवढीच, की नुसती 'चूक' आज फार हलकी झाली आहे. बेरजेत चूक होते, पत्त्यात चूक होते. बायकामुलाचा जीव जातो तिथे 'सुधाकराची चूक झाली' म्हटलं, तर शेजारी बसलेला आपल्याकडे बघेल.

सुधाकरावरच हे शब्द लावून पाहू. वकील, हुशार, मानी, तापट. हा मानीपणा आणि तापटपणा त्याच्यात पहिल्यापासून आहे, त्याला खुशाल स्वभावदोष म्हणा. त्यापायी कोर्टात खटका उडतो आणि वकिलीची सनद काही काळासाठी जाते. इथपर्यंत फार तर एका वकिलाची फजिती झाली. शोकांतिका अजून सुरू व्हायची आहे. अपमानाने पोळलेल्या त्या मनःस्थितीत दारूबाज तळीराम दारूचा पेला पुढे करतो, आणि एकदाच, विसर पडण्यापुरता म्हणून तो घेतला जातो. अवधान सुटलं ते इथे. प्रमाद हा. त्यानंतर जे होतं त्याला व्यसन म्हणायचं, आणि व्यसन 'लागतं' किंवा 'जडतं', तिथे 'हातून' शोभत नाही. शेवटी पोटच्या पोरावर काठी पडते, त्याला तर प्रमाद म्हणूच नका. तो अपराध आहे, आणि विष घेताना सुधाकर स्वतः तसंच मानतो. एकाच माणसाच्या गोष्टीत दोष, प्रमाद, व्यसन, अपराध असे चार शब्द आपापल्या अंकात येतात. सगळीकडे 'स्वभावदोष' लिहिलं, की शेवट पहिल्या अंकातच ठरून गेल्यासारखा वाटतो आणि 'एकच' या शब्दातली धार जाते. ताई, तुमचं वाक्य मी आहे तसंच ठेवीन.

जाता जाता: प्रमाद आणि मदिरा एकाच 'मद्' धातूचे. कोटीचा एवढा सोस असलेल्या गडकऱ्यांपुढे ही जोडी कुणी ठेवली असती, तर त्यांनी ती सोडली नसती. त्यांचा जन्म नवसारीकडचा, म्हणजे गुजरातीतला प्रमादही त्यांच्या कानावरून गेला असणार. आणि हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते १९१९च्या फेब्रुवारीत आपल्याच बडोद्याला, गंधर्व नाटक मंडळीकडून. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. गडकरी त्याआधी महिनाभरच, जानेवारीत गेले होते.

राहिली सिंधू. तिला यातला एकही शब्द लागत नाही, आणि ओढूनताणून लावूही नये. 'अतिपातिव्रत्य हाच तिचा दोष' असं हल्ली पुष्कळजण लिहितात. आजच्या वाचकाचा राग म्हणून मला तो पटतो, पण मग आपण गडकऱ्यांची सिंधू वाचत नसून तिला सल्ला देत असतो. नाटकात तिच्या हातून काही घडत नाही, जे घडतं ते तिच्यावर. तिच्यासाठी आपल्याकडे 'करुण' हा जुना शब्द आहे, तो वापरा. शोकनायिका म्हणण्याचं कारण नाही. आणि वहिनींना सुधाकराबद्दल सांगताना सरळ 'भूल' म्हणा. गुजरातीत ती चूक, मराठीत ती भुरळ, आणि सुधाकराला दोन्ही लागू पडतात.