घरच्या प्रिंटरवर फोटो काळपट आणि लालसर येतो, काय करावं?

तुमचा प्रश्न असा : खानापूरला घरी सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर घेतलाय, फोटोशॉपमध्ये फोटो छान दिसतो, पण ग्लॉसी कागदावर काळपट येतो आणि चेहरे लालसर होतात. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लाली बहुतेक वेळा ड्रायव्हरमुळे, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरमुळे येते आणि काळपटपणा स्क्रीनमुळे वाटतो. दोष बहुधा फोटोत नसतो, म्हणून या दोन गोष्टी तपासण्याआधीच फोटो उजळ करून पुन्हा पुन्हा छापू नका. त्यात कागद आणि शाई दोन्ही जातात.

आधी लाली. स्क्रीनच्या रंगांचं शाईच्या रंगांत रूपांतर एकानेच करायचं असतं, फोटोशॉपने किंवा प्रिंटरने. दोघांनी केलं की रंग दोनदा बदलतो आणि त्वचेवर मॅजेंटाची (जांभळट लाल) झाक चढते. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत 'कलर हँडलिंग'मध्ये 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडा आणि खाली तुमच्या प्रिंटरचं व कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या जोडीवर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) द्या. मग त्याच खिडकीतल्या 'प्रिंट सेटिंग्ज'मध्ये जाऊन ड्रायव्हरची रंगदुरुस्ती बंद करा. एप्सनमध्ये ती 'मोअर ऑप्शन्स', 'कलर करेक्शन', 'कस्टम', 'अॅडव्हान्स्ड' या वाटेने 'नो कलर अॅडजस्टमेंट'ला सापडते. कॅननमध्ये 'कलर/इंटेन्सिटी'ला 'मॅन्युअल' करून 'मॅचिंग'मध्ये 'नन' निवडायचं. ही दुसरी पायरी बहुतेकांकडून राहून जाते.

फाइल आरजीबीतच (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) ठेवा. बेळगावातले फ्लेक्सवाले आणि छापखाने सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) मागतात म्हणून घरीही तसं करायची गरज नाही. घरगुती इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबीच धरून चालतो. गिंप हे फुकट फोटो-सॉफ्टवेअर वापरत असाल तर फाइल एसआरजीबीत (आरजीबीचा सर्वसाधारण प्रकार) ठेवून रंगांचं काम सरळ प्रिंटरवर सोपवा, फक्त 'फोटो एन्हान्स'सारख्या सुधारणा बंद करा.

प्रोफाइल आणि कागद यांची जोडी जुळायलाच हवी. ड्रायव्हरमधला 'पेपर टाइप' नुसता नावाला नसतो, कागदावर किती शाई टाकायची ते त्यावरून ठरतं. ग्लॉसी कागदावर 'प्लेन पेपर' ठेवून छापलं तर काळा रंग फिका आणि चिखलासारखा येतो. बेळगावच्या खडे बाजारातून आणलेल्या बिननावाच्या १८० जीएसएम (दर चौरस मीटरला १८० ग्रॅम) कागदाचं प्रोफाइल कुठेच मिळणार नाही. नवशिक्याने सुरुवात प्रिंटरच्याच कंपनीच्या फोटो कागदाने करावी असं माझं ठाम मत आहे, कारण त्याचं प्रोफाइल बहुधा ड्रायव्हरबरोबरच येतं. कागद महाग पडतो, पण वाया जाणारे प्रिंट वाचतात.

आता काळपटपणा. लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजेडावर असते, कागद मात्र खोलीतल्या उजेडावरच दिसतो. प्रिंटशी जुळवायला स्क्रीन साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (उजेडाचं माप) हवी. मोजायचं यंत्र नसेल तर एक कोरी पांढरी फाइल उघडा, शेजारी पांढरा फोटो कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. 'नाइट लाइट' आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस दोन्ही बंद. एवढं केलं की तोच फोटो स्क्रीनवरही काळपट दिसू लागेल, आणि मग तो उजळ करण्याला अर्थ आहे. एका ४×६ कागदावर त्याच फोटोच्या चार पट्ट्या छापा : मूळ, आणि एक्स्पोजर ०.२५, ०.५, ०.७५ ने वाढवलेल्या. निवड दुपारी खिडकीजवळच्या उजेडात करा, पिवळ्या बल्बखाली नको.

काही रंग शाईच्या आवाक्याबाहेरचे असतात. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा फोटो घ्या : दिव्यांच्या झोतातले भगवे झेंडे स्क्रीनवर पेटल्यासारखे दिसतात, कागदावर विटकरी होतात. छापण्याआधी 'व्ह्यू', 'प्रूफ सेटअप', 'कस्टम'मध्ये तेच प्रोफाइल निवडा, 'रेंडरिंग इंटेंट'ला (आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे ते ठरवणारा पर्याय) 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' ठेवा आणि गडद भागातले बारकावे टिकवणाऱ्या 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन'वर खूण करा. कंट्रोल-वाय दाबलं की कागदावर काय येणार याचा अंदाज स्क्रीनवरच दिसतो. कंट्रोल-शिफ्ट-वायने आवाक्याबाहेरचे भाग करडे होतात. तेवढ्याच नारिंगी छटेचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) १०-१५ ने उतरवा, म्हणजे झेंड्याच्या घड्या तरी शाबूत राहतात. पूर्ण फोटोचं सॅच्युरेशन कमी करू नका, चेहरे निस्तेज होतील.

मापाचं थोडक्यात : ४×६ इंचाला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) १२०० × १८०० पिक्सेल लागतात. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ असतो आणि हा कागद ३:२, म्हणून क्रॉप स्वतःच करून घ्या. बॉर्डरलेसमध्ये (कडेला पांढरी पट्टी न सोडता छापताना) ड्रायव्हर फोटो किंचित मोठा करतो, तेव्हा कडेची माणसं कापली जाणार नाहीत एवढी जागा सोडा. व्हॉट्सअॅपवरून मागवायचा फोटो डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

खानापूर भागातल्या पावसात मात्र वेगळी काळजी लागते. जून ते सप्टेंबर हवेत ओल इतकी असते की स्वस्त कागद दमट होऊन वाकतो, शाई सोडणाऱ्या हेडला घासतो आणि कडेला काळे डाग पडतात. पाकीट सिलिका जेलसह बंद ठेवा, लागतील तेवढेच कागद काढा. प्रिंट एकावर एक न ठेवता दिवसभर मोकळे वाळू द्या; रंग पूर्ण बसण्याआधी केलेली तुलना फसवते. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही, नाहीतर हेड झाकणीखाली न जाता उघडं राहून सुकतं. छापताना वीज गेली तर ती आल्यावर आधी नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारा रेघांचा नमुना) काढा. त्यात एखादी रेघ तुटलेली असेल तर ती भरून येईपर्यंत रंगांच्या कुठल्याही सेटिंगला हात लावू नका.