मशीन मागवून घरीच काडतुसं भरू का?

प्रश्न : माझा मावसभाऊ टेक्सासला असतो. गॅरेजमध्ये बसून पिस्तुलाची काडतुसं स्वतःच भरतो, म्हणतो विकतच्यापेक्षा स्वस्त पडतात आणि नेमबाजीची प्रॅक्टिस भरपूर होते. मी बालेवाडीला नेमबाजी शिकतोय, पुढे पॉइंट टू टू (.२२ बोअरचं) पिस्तूल घ्यायचा विचार आहे. त्याच्याकडून काडतुसं भरायचं मशीन मागवून इथे घरी केलं तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अजिबात नाही. आणि कृपा करून त्याला ते मशीन बॅगेत टाकून आणायलाही सांगू नका. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे, त्यात 'ॲम्युनिशन' म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नाही, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा त्यातच धरलीय. विनापरवाना काडतुसं बनवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. पिस्तुलाचं लायसन असलं तरी तो परवाना बाळगायचा असतो, बनवायचा नाही. पुण्यात काडतुसं बनतात ती खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत, कोथरूडच्या बाल्कनीत नको!

बरं, कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी तुमचा बेत जमत नाही. पॉइंट टू टू हे रिमफायर काडतूस, म्हणजे पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठातच भरलेला असतो आणि पिन त्या काठावरच आपटून तो चेपते. एकदा उडालं की पुंगळी संपली. मावसभाऊ भरतो ती सेंटरफायर असणार, नाइन एमएम किंवा थर्टी-एट, त्यात बुडाच्या मधली टोपी काढून नवी बसवता येते, आणि काडतुसात सगळ्यात महाग भाग पितळी पुंगळी, तीच पुन्हा पुन्हा वापरली की पैसे वाचतात. त्याचा हिशोब तिथे बरोबर आहे, पण धोका तिथेही आहेच. थर्टी-एट स्पेशलची पुंगळी जुन्या काळ्या दारूच्या मापाची, आताची दारू तळाशी एवढीशीच लागते, त्यामुळे फोनवर बोलता बोलता दोनदा पडली तरी ती आत मावते, चटकन लक्षातही येत नाही, आणि मग पिस्तूल हातातच फुटू शकतं.

आता तुम्हाला हवंय काय, तर स्वस्तात भरपूर प्रॅक्टिस. मग टेन मीटर एअर पिस्तूलच धरून राहा ना. साडेचार मिलिमीटरचं आणि वीस ज्यूलच्या आतलं असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन लागत नाही, बिल मात्र जपून ठेवा. मॅचला ७५ मिनिटांत ६० शॉट, आणि दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. माझं स्पष्ट मत, तो गोल सारखा लागायला लागेपर्यंत पॉइंट टू टूचं नाव काढू नये. घरी ड्राय फायर करा, म्हणजे पेलेट (छर्रा) न घालता कोऱ्या भिंतीकडे धरून फक्त ट्रिगर दाबायचा आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) हलते का ते बघायचं. बहुतेक मॅच एअर पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते. एक पैसा खर्च नाही. पॉइंट टू टूवर मात्र रिकामा घोडा पाडत बसू नका, बऱ्याच पिस्तुलांत पिन चेंबरच्या काठावर आपटून दोन्ही खराब होतात, आधी कोचला विचारा.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची, एअर पिस्तूल शिकते. पेलेटनं बोटं काळी होतात, काळजीचं आहे का?
– एक आई, औंध

उत्तर : पेलेट बहुतेक शिशाचे असतात, त्यामुळे सवयी आत्ताच लावा. रेंजवर खाऊचा डबा उघडायचा नाही, पेलेट तोंडात धरायचे नाहीत (मुलं धरतात हो!), आणि निघताना साबणानं हात-तोंड धुवायचं, नुसतं सॅनिटायझर चोळून शिसं जात नाही. घरी टार्गेट लावलं असेल तर मागची भुकटी केरसुणीनं झाडू नका, धूळ उडते, ओल्या फडक्यानं पुसा.