नायडॉर्फ खेळणाऱ्यास पत्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

व्हिसा आला, बरं झालं. शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघालास, पण पत्रात बुद्धिबळाच्या रेटिंगशिवाय विषय नाही! काळ्याकडून सिसिलियन सुरुवात खेळताना पाचव्या चालीला ए६ करतोस, म्हणजे कडेचं प्यादं एक घर पुढे. पांढऱ्याचा घोडा-उंट बी५ वर येऊ द्यायचा नाही, हे तुला तोंडपाठ. आता त्या चालीला ज्याचं नाव आहे, त्या माणसाबद्दलही थोडं वाच.

मिगेल नायडॉर्फ, जन्म १९१०, वॉर्सॉजवळचा. १९३९ मध्ये पोलंडकडून बुद्धिबळ ऑलिंपियाड, म्हणजे देशोदेशीच्या संघांची स्पर्धा, खेळायला ब्युनोस आयर्सला गेला. स्पर्धा चालू असतानाच हिटलरने पोलंडवर हल्ला केला. पोलंड-जर्मनी लढत पट न मांडताच २-२ अशी सोडवली. पोलंडला रौप्यपदक मिळालं, पण हा ज्यू, परतणार कुठे? राहिला अर्जेंटिनातच. मागे राहिलेली बायको, मूल, आईवडील, भाऊ, सगळे नाझींच्या हत्याकांडात गेले.

१९४३ मध्ये रोसारियोत तो पटाकडे न बघता एकाच वेळी ४० जणांशी खेळला. १९४७ मध्ये साओ पाउलोला ४५ जणांशी: ३९ विजय, ४ बरोबरी, २ पराभव. ही बातमी जगभर छापून येईल, घरचं कुणी वाचलं असेल तर आपला पत्ता लागेल, ही त्याची आशा. कुणाचाच निरोप आला नाही.

तुझं उलटं आहे. आईबाबा तुझी प्रत्येक चाल लाईव्ह बघतील, शेजारी कोण वरचढ हे सांगणारा संगणकाच्या इंजिनाचा आकडा. पहिलं सत्र त्यांना लिंक पाठवूच नकोस. रागावतील, रागावू देत. फोन मात्र नेमाने कर, आणि त्यात जेवणाखाण्याचं बोल.

दुसरं, पोटापाण्याचं. नायडॉर्फने विमा विकला, आणि त्यात उत्तम पैसा केला. १९५० मध्ये ग्रँडमास्टर किताबाच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव होतं, त्याच वर्षी बुडापेस्टला कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, खेळला, १९५३ ला झुरिकलाही. जगज्जेता झाला नाही. पण म्हातारपणापर्यंत हौसेने खेळत राहिला. पोट विम्यावर होतं म्हणून ते जमलं, असं मला वाटतं. आपल्याकडची किती पोरं पंचविशीत पट गुंडाळतात, तू पाहिलीच आहेस.

तेव्हा 'सरावाला वेळ मिळावा म्हणून सोपे विषय घेतो' हे डोक्यातून काढ. शिष्यवृत्तीच्या कागदांत गुणांची अट असेल, ती निघण्याआधी वाच आणि मला कळव.

तुझा,
सर