बाबांचं पाप आणि सापडलेली बहीण

तुझं पत्र तीनदा वाचलं गं. आई गेल्यावर कपाट आवरताना तुला चार जुनी पत्रं आणि एक फोटो सापडला, आणि कळलं की बाबांचं आधी एक लग्न झालेलं, एक मुलगी होती, ती दीड वर्षाची असताना ते दोघींना सोडून आले ते परत गेलेच नाहीत, एका पत्राचंही उत्तर दिलं नाही. आणि हेच बाबा पुढे चर्चमध्ये प्रार्थना चालवायचे. आता 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना पहिल्याच ओळीला तुझा घसा दाटतो. भाऊ म्हणतो घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस, पाळक म्हणतात क्षमा कर आणि विसर, आणि तू विचारतेस ताई, आमच्या घराण्यावर शाप आहे का, आणि त्या बहिणीला शोधू का.

शापाचं आधी सांगते कारण ते तुला रात्री झोपू देत नाहीये. बायबलमधल्या यहेज्केल पुस्तकाचा 18वा अध्याय वाच. तेव्हाचे लोकही हेच म्हणायचे, आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. देव म्हणतो ही म्हण बंद करा, बापाच्या पापाचा भार मुलावर नाही. बाबांनी केलं ते तुझं पाप नाही, पण पत्रं आता तुझ्या हातात आहेत, आणि ती पुन्हा कपाटात ठेवायची की नाही हे मात्र तुझ्यावर आहे.

'क्षमा कर आणि विसर' हे मला पटत नाही, स्पष्टच सांगते. बायबलमधल्या योसेफाचं बघ ना, सतराव्या वर्षी भावांनी विकलं, वीसेक वर्षांनी तेच भाऊ धान्य मागायला समोर आले, त्याने लगेच ओळख दिली नाही, बाजूला जाऊन रडला, वेळ घेतला. आणि उत्पत्ती पुस्तकाच्या 45व्या अध्यायात शेवटी बोलला तेव्हा काय म्हणाला, तुम्ही ज्याला विकलं तो तुमचा भाऊ मीच. 'विकलं' हा शब्द त्याने गाळला नाही, क्षमा करतानाही नाही. पण बोलायच्या आधी बाकी सगळ्यांना बाहेर पाठवलं. म्हणून चर्चच्या मंडळीत उभं राहून सगळं सांगायची तुला अजिबात गरज नाही, पण भावाला दाराआड बसवून पूर्ण सांग, तुझ्या पुढच्या पावलाची खबर त्याला दुसऱ्याकडून लागायला नको.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, जो आपण सगळे नावांची यादी म्हणून पटकन उलटतो! प्रभू येशूची वंशावळ आहे ती. दाविदाचा मुलगा शलमोन, त्याची आई कोण तर 'उरीयाची बायको' लिहिलंय, म्हणजे दावीद राजाने ज्याची बायको घेतली आणि ज्याला मारवलं त्या माणसाचं नाव तिथेच. हे लपवता आलं असतं की. ज्या घराण्याची लाज पुसली नाही त्याच घराण्यात तारणारा जन्मला, मला स्वतःला याचा फार आधार वाटतो.

तर बहिणीला शोध, माझं मत हो असंच आहे. ती पत्रं तिच्या आईने लिहिलेली आहेत, त्यांच्यावर तुझ्यापेक्षा तिचा हक्क जास्त. पण एकदम तिच्या दारात जाऊन उभी राहू नकोस, छोटं पत्र पाठव. मी कोण, काय सापडलं, हवं असेल तर तुला देते, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. बाबांना माफ कर असं चुकूनही लिहू नकोस, बाबा नंतर किती बदलले हेही नको, तुझं मन हलकं करायचं काम तिचं नाही. ती चिडेल, गप्प राहील, सहा महिन्यांनी फोन करेल, काहीही होऊ शकतं, ते तिच्यावर सोड.

प्रार्थना येत नाही तोवर स्तोत्र 88 वाच, ते अंधारातच संपतं आणि तरी पवित्र शास्त्रात आहे. आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणशील तेव्हा त्या 'आमच्या'मध्ये तिलाही धर, तिचं नाव तुला आता माहीत आहे. पत्र लिहून झालं की आधी मला वाचायला पाठव, चालेल?