२५ मीटरला दम लागतो? पाय राहू द्या, आधी बुडबुडे बघा

तुम्ही लिहिलंय की फ्रीस्टाइल करताना २५ मीटरमध्येच छाती भरून येते, पाय खाली जातात आणि कोच रोज किकबोर्डवर (हातात धरायची तरंगती फळी) पाय मारायला लावतात. वाचताना माझीच जुनी गोष्ट वाटली, म्हणून सविस्तर लिहितोय. मी प्रशिक्षक नाही, स्वतःवर करून पाहिलं तेवढंच सांगतो.

मलाही "पाय कमजोर आहेत" असंच सांगितलं होतं. दीड वर्ष मी किकबोर्ड पुढे धरून, डोकं वर काढून पाय मारत राहिलो. मांड्या भक्कम झाल्या, पोहणं होतं तिथेच राहिलं. माझं पोहणं एकदा नीट बघा, असं त्या तलावावर दोनदा विनवलं. उत्तर एकच, "सराव वाढवा." याचा राग मला अजून येतो. शेवटी शेजारच्या लेनमधल्या एका काकूंनी गॉगल लावून पाण्याखालून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, तुझा एकही बुडबुडा दिसत नाही."

तोंड पाण्यात असताना मी श्वास कोंडून धरत होतो. मग तोंड बाहेर आलं की तेवढ्या क्षणात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा. वेळ पुरायचा नाही, म्हणून डोकं वळण्याऐवजी उचललं जायचं. डोकं वर गेलं की कंबर खाली, आणि कंबरेमागून पाय. घुसमट होते ती बहुतेक वेळा आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, हवा संपल्यामुळे नव्हे. त्यात डोकं वर ठेवून किकबोर्ड मारला की हीच चुकीची ठेवण अंगात मुरते.

म्हणून आठवडाभर हात मारूच नका. उथळ पाण्यात काठ धरा, तोंड पाण्यात, नाकातून सावकाश, न थांबता बुडबुडे सोडा. मग मान वळवून श्वास घ्या, गॉगलची एक काच पाण्यातच राहिली पाहिजे. हे कंटाळवाणं आहे, पण सोडू नका.

त्यानंतर कुशीवरचं ड्रिल, म्हणजे कुशीवर राहून करायचा सराव. एक हात पुढे, दुसरा मांडीला, नजर तळाकडे. सहा किक मारायच्या, श्वासासाठी अंगासकट वळायचं, मग एक हात मारून दुसरी कूस. पाय बुडत असतील तर सुरुवातीला खुशाल पायात फिन्स (रबरी पंखे) घाला. मला सर्वांत जास्त फायदा या ड्रिलनेच झाला. कॅच-अपही (एक हात पुढे येऊन दुसऱ्याला भेटला की मगच दुसरा मारायचा) चांगलं, पण ते फार केलं की दोन हातांमध्ये थांबायची सवय लागते, हे माझं मत. मूठ मिटून दोन लॅप मारा आणि मग पंजा उघडा, पाणी कोपरापासून कसं पकडायचं ते लगेच कळतं.

पॅडल्सच्या (पंजाला बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या) नादी एवढ्यात लागू नका. तंत्र कच्चं असताना सगळा भार खांद्यावर येतो. खांदा आधीच दुखत असेल तर यातलं काही करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

गॉगलवर वाफ धरत असेल तर आतली काच बोटाने पुसू नका, तिच्यावरचा वाफ न धरू देणारा थर जातो.

आणि पुढच्या वेळी कुणालातरी पाण्याखालून फक्त तुमचे बुडबुडे बघायला सांगा. काय दिसलं ते इथे नक्की लिहा.