दहावी-बारावीच्या मुलांचं पुढचं नियोजन: सुरुवात दसऱ्याच्या आधी करा

सर, तुम्ही विचारलंय की खेड्यातल्या हायस्कूलवर नुकताच शिक्षणसेवक म्हणून रुजू झालोय, दहावी-बारावीच्या मुलांना पुढचं शिक्षण आणि त्यानंतरचं आयुष्य ठरवायला मदत करायची आहे, तर सुरुवात कुठून करू?

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एका अनुदानित शाळेत एकवीस वर्षं शिकवतेय. अनुभवाने सांगते, "तुला काय व्हायचंय?" या प्रश्नापासून सुरुवात करू नका. आमच्या वर्गात त्यावर मुलं "पोलीस" म्हणतात आणि मुली "नर्स" नाहीतर "मॅडम". गावात महिन्याचा पगार घेणारी तेवढीच माणसं त्यांनी पाहिलेली असतात. सुरुवात कागदपत्रांपासून करा, आणि तीही दसऱ्याच्या आधी.

दसराच का, तर आमच्या बऱ्याच मुलांचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाड्या लागतात, दिवाळीपर्यंत वाड्या-तांडे रिकामे होतात, आणि माणसं परततात ती गुढीपाडव्याच्या आसपास. मुलं आजीजवळ. उत्पन्नाच्या दाखल्याला, नॉन क्रीमीलेयरला (मागास प्रवर्गातल्या घराचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला), जात पडताळणीच्या वंशावळीच्या शपथपत्राला सही लागते वडिलांची, आणि वडील असतात कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडावर. तुमच्या गावात ऊसतोड नसेल, पण वीटभट्टी असेल, सुगी असेल, पुण्याला वॉचमनकी असेल. आई-वडील नक्की कोणत्या महिन्यांत घरी असतात ते आधी विचारून घ्या आणि तुमचं कॅलेंडर तिथून आखा.

हे मला एका मुलाच्या नुकसानीतून कळलं. बारावी सायन्सला चांगले मार्क, सीईटी या प्रवेशपरीक्षेत चांगला पर्सेंटाईल, इंजिनिअरिंगला मागास प्रवर्गातून जागाही लागली. जातीचा दाखला होता, पण तो तपासून मिळणारं जातवैधता प्रमाणपत्र, ज्याला मुलं 'व्हॅलिडिटी' म्हणतात, ते नव्हतं. अर्ज केल्याची पावती जोडली आणि मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही. त्याला खुल्या प्रवर्गात धरलं, तिथे नंबर टिकला नाही, जागा गेली. तो रडला नाही. "मॅडम, बारावीला तुम्ही सांगितलं असतं तर," एवढंच म्हणाला. मी सांगितलं नव्हतं, कारण मलाच नीट माहीत नव्हतं. त्या वर्षापासून मी प्रत्येक मुलाच्या नावाने वहीत एक पान ठेवते.

त्या पानावर स्वप्नं नंतर येतात. आधी चार गोष्टी लिहिते: आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरवरचं नाव अक्षरशः जुळतं का, बँक खातं आहे का आणि ते आधारशी जोडलेलं आहे का, जातीचा दाखला कोणाकोणाचा निघालाय, आणि घरात, भावकीत, चुलत्यात कोणाकडे व्हॅलिडिटी आहे का. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकाला मिळालेली असली तर पुढच्याचं काम खूप हलकं होतं.

नावाचं काम सगळ्यात आधी उरका. मूल शाळेत आहे तोवर रजिस्टरमधली चूक पुराव्यानिशी दुरुस्त होऊ शकते. एकदा दाखला काढून गेलं की ते फार अवघड होऊन बसतं. बोर्डाचे फॉर्म भरल्यावर प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, येते, ती मुलांच्या हातात देऊन नुसती सही घेऊ नका. मोठ्याने वाचायला लावा: स्वतःचं नाव, वडिलांचं, आईचं, जन्मतारीख. एका वर्षी आईचं नाव 'कौशल्या'चं 'कौसाबाई' झालेलं अशाच वाचनात सापडलं.

व्हॅलिडिटीसाठी जुना पुरावा लागतो, आणि तो शोधणं हा मुलांसाठी इतिहासाचा खरा तास असतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद वडिलांकडच्या पूर्वजांच्या नावे हवी. कुठे मिळते? आजोबा पहिलीत बसले असतील त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये, तहसीलच्या अभिलेख कक्षातल्या जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये, जुन्या खरेदीखतात. मराठवाड्यात आणखी मागे गेलात तर निजामाच्या काळातली नोंद उर्दूत असते आणि ती वाचणारा शोधावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी अकरावीतल्या एका मुलीला घेऊन मी शेजारच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडलं, तळातून कापडात बांधलेलं रजिस्टर काढलं. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. आम्ही दोघी बोट फिरवत एकेक ओळ वाचत होतो. १९६१ च्या जूनमधल्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं. आजोबांचं नाव, जात, आणि शेरा-रकान्यात 'सतत गैरहजर, नाव कमी केले'. ती बराच वेळ त्या शेऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज्जा पहिलीतच शाळा सोडून गेला होता, हे घरात कुणी सांगितलंच नव्हतं." त्या ओळीचा निर्गम उतारा तिच्या फाईलला लागला आणि बारावीची परीक्षा व्हायच्या आत व्हॅलिडिटी हातात आली.

नॉन क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, हे लक्षात ठेवा. मागच्या वर्षी काढलंय म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत सापडतात.

आता वाटांबद्दल. दहावीनंतर अकरावी सायन्स हीच एक शहाणी वाट, असं गावाने धरून ठेवलंय. माझं मत वेगळं आहे आणि पालकसभेत मी ते उघड सांगते. गणित-विज्ञान बरं आहे आणि घरात लवकर कमाईची गरज आहे, अशा मुलाला पॉलिटेक्निकचा डिप्लोमा अकरावी-बारावीपेक्षा बऱ्याचदा जास्त सोयीचा पडतो. दहावीच्या मार्कांवर प्रवेश, तीन वर्षं, हातात तांत्रिक शिक्षण, आणि पुढे शिकायचं असेल तर सीईटी न देता डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे. म्हणजे इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड करून, कारखान्यात ॲप्रेंटिस राहून, मग डिप्लोमा आणि मग डिग्री, असं पायरीपायरीने चढता येतं. आयटीआय म्हणजे 'ढ' मुलांची जागा, हा समज आधी शिक्षकखोलीतून काढा, मग घराघरातून. राज्यात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत. तुमच्या तालुक्यातलं मुलांना एकदा आत नेऊन दाखवा. वेल्डिंगची ठिणगी पाहिलेला मुलगा वेगळे प्रश्न विचारतो.

अकरावी सायन्सला मुलगी 'गणित नको' म्हणते तेव्हा फॉर्मवर लगेच सही करू नका. गणित सोडलं की इंजिनिअरिंगचे बहुतेक दरवाजे बंद होतात आणि एनडीएतून हवाई दल, नौदलही हातचं जातं. भीती खरी गणिताची आहे की नववीतल्या एखाद्या वाईट तासाची, ते बसून विचारा.

नीटबद्दल, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेबद्दल, एवढंच बोलते. लातूरला क्लाससाठी एक वर्ष, मग ड्रॉप, मग अजून एक ड्रॉप, असं करत कर्जात गेलेली घरं मी पाहिली आहेत. पहिल्या प्रयत्नाच्या आधीच मुलाशी आणि बापाशी एकत्र बोलून ठरवा: किती प्रयत्न, किती पैसे, आणि नाही जमलं तर कुठे प्रवेश. हे बोलणं निकालानंतर करायला गेलात तर कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं.

पोलीस भरतीवाल्या मुलांना नाउमेद करू नका. पहाटे पाचला उठून डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या मुलात जिद्द असते. फक्त दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. एक म्हणजे बारावी पास व्हायलाच हवी, त्याशिवाय अर्ज नाही. दुसरी, भरतीची वाट बघताना डिग्री चालू ठेवायची. रोज कॉलेजला जाणं जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून हेच काम करतंय. भरती झाली तर पदवी पुढे खात्यांतर्गत परीक्षेला उपयोगी येते, नाही झाली तर पंचविसाव्या वर्षी हातात नुसती बारावी राहत नाही.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. फडावर नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे मुकादमाकडची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. त्यामुळे बारावीची परीक्षा संपते न संपते तोच लग्नाची बोलणी सुरू होतात, काही घरांत त्याच्याही आधी. इथे नुसतं 'मुलीला शिकवा' म्हणून काही होत नाही, आईसमोर कागद आणि हिशेब ठेवावा लागतो. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मी छापून पिशवीत ठेवते. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एकच नीट समजावून सांगा: प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून घेतलेला हवा. कोणी एजंट घरी येऊन "मॅनेजमेंटमधून लगेच ॲडमिशन करून देतो" म्हणाला आणि बापाने होकार दिला, की ही माफी गेली. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, त्या आधीपासून चालू आहेत, आणि हे सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली, तिचीही तालुक्याला चौकशी करा.

पण फी माफ म्हणजे शिक्षण फुकट नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगा. मी फळ्यावर पहिल्या तीन महिन्यांचा खर्च मुलांकडूनच लिहून घेते: वसतिगृहाची अनामत, मेस, वह्या-पुस्तकं, ॲप्रन नाहीतर ड्रॉइंगचं साहित्य, एसटीचं भाडं, मोबाईलचा रिचार्ज. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, आणि कॉलेज सुटतं ते बहुतेक या तीन महिन्यांत. त्यामुळे उचल घेतानाच त्यातले काही हजार मुलीच्या खात्यावर बाजूला टाका, असं मी बापाला मुकादम यायच्या आधी सांगते. सगळे ऐकत नाहीत. जे ऐकतात त्यांच्या मुली टिकतात.

आणि 'आयुष्य' म्हणालात म्हणून सांगते. बारावी सुटायच्या आत प्रत्येक मुलाला एकदा तरी एकट्याने जिल्ह्याच्या गावी जाऊन यायला लावा. बँकेत स्वतः स्लिप भरायची, कार्यालयात जाऊन "साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?" असं मान वर करून विचारायचं, पावती मागून घ्यायची. हे आपल्या मुलांना सीईटीपेक्षा अवघड जातं. मी सुरुवातीला सगळं स्वतःच करून द्यायचे. ते चुकलं. आता मी बाहेर बाकावर बसते आणि आत मूल जातं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी नव्याने बाहेर गेलेल्या सगळ्यांना फोन करते. जूनमध्ये त्यांना माणसं भेटतात, जुलैत नवलाई असते, सप्टेंबरला घरची आठवण आणि इंग्रजीतले तास दोन्ही एकदम अंगावर येतात. रजिस्टरवाली मुलगी यंदा छत्रपती संभाजीनगरला नर्सिंगला आहे. परवाच्या रविवारी फोनवर पाच मिनिटं काही बोललीच नाही, नुसता मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता. मी फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाली, "मॅडम, ॲनाटॉमीचं पुस्तक मराठीत मिळतं का?" मी शोधतेय. तुमच्या ओळखीत कोणाकडे असेल तर नक्की कळवा.