बल्ब काढताना होल्डरच फिरतो: टांगत्या दिव्याची नळी, वायर आणि अर्थिंग

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ॲल्युमिनियमची शेड, वर १० मिमी आट्यांची नळी, तिला ई२७ (नेहमीच्या आट्यांच्या बल्बचा, २७ मिमी) होल्डर. बल्ब काढायला गेलं की होल्डरच फिरतो. वायर खेचली जाऊ नये म्हणून आत गाठ मारली आहे, ती पुरेशी आहे का? अर्थिंगचा स्क्रू कुठे घ्यायचा? आणि स्क्रू सैल पडू नयेत म्हणून लॉकिंग लिक्विड वापरू का?

या सगळ्याचं मूळ एकच आहे. ओढ, पीळ आणि वजन हे धातूच्या भागांनी पेलायचं असतं. टर्मिनलच्या, म्हणजे वायर जिथे आवळतात त्या जोडणीच्या, स्क्रूपर्यंत त्यातलं काहीच पोचता कामा नये. टर्मिनलने फक्त वीज वाहायची.

होल्डरपासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तिथेच आहे. बल्बचे आटे आणि नळीचे आटे एकाच दिशेचे असतात. खालून बघत बल्ब डावीकडे फिरवला की तो होल्डरमधून सुटतो, आणि होल्डरही नळीवरून त्याच दिशेने सुटायला लागतो. बल्ब बरेच महिने तापून आट्यांत घट्ट बसला असेल, तर आधी होल्डर सुटतो. प्रत्येक फेरीला आतल्या वायरींना एक पूर्ण पीळ बसतो. तो पीळ टर्मिनलमधल्या वायरीच्या बारीक तारांवर जातो, एकेक तार तुटते, सांधा तापू लागतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे होल्डरच्या टोपीत बाजूने येणारा ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला, नळीवर टेकून तिला धरणारा छोटा स्क्रू. चांगल्या होल्डरला तो असतोच. नसेल तर होल्डर बदला. पण तो आवळण्याआधी नळी आत किती गेली आहे ते पाहा. नळी अपुरी घुसली असेल, तर ग्रब स्क्रूचं टोक नळीच्या भिंतीऐवजी तिच्या पलीकडच्या वायरीवर टेकतं आणि इन्सुलेशन फोडतं. उलट नळी जास्त आत गेली तर तिची कड वायरी दाबते. म्हणून नळीला योग्य जागी थांबवणारी अडवणी आत असलेला होल्डर घ्यावा.

एवढं करूनही नळीच शेडच्या भोकात फिरत असेल, तर तुम्ही प्रश्न फक्त एक पायरी वर सरकवला. गोल भोक, वरखाली एकेक नट, मध्ये साधा वॉशर: ही जोडणी पिळापुढे टिकत नाही. नटाखाली दातेरी वॉशर घाला, किंवा त्याहून चांगलं म्हणजे नळीला एका बाजूने सपाट घासून भोकही तसंच डी आकाराचं करा.

नळीचं माप एकदा तपासा. एम१० नळीचे आटे १ मिमी अंतराचे असतात. अमेरिकी पद्धतीची १/८ इंची नळी बाहेरून साधारण १०.३ मिमी भरते आणि तिचे आटे इंचाला २७, म्हणजे ०.९४ मिमी अंतराचे. दोन्ही हातात सारख्याच वाटतात. एकीवर दुसरीचा नट लावला की एकदोन आटे बसतात आणि मग अडकतो. आपल्याला वाटतं घट्ट झालं, आणि सगळा दिवा त्या एकदोन आट्यांवर लोंबकळत राहतो. नट हाताने, पान्याशिवाय, शेवटपर्यंत गेला पाहिजे. नळीची दोन्ही तोंडं आतून कानसने घासून त्यांत प्लास्टिकचा बुश (कड झाकणारी छोटी कडी) बसवा, नाहीतर कापलेली कड वायर सोलते.

आता गाठ. अमेरिकेत होल्डरच्या टोपीत ठरावीक पद्धतीने मारायची गाठ जुनी आणि प्रचलित आहे. पण दिव्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०५९८, गाठ किंवा दोरीने बांधणं हा वायर अडकवण्याचा उपाय म्हणून मान्य करत नाही. मला ते पटतं. गाठीत इन्सुलेशन एकाच जागी वाकून दबलेलं राहतं, वर उष्णता, आणि गाठ किती आवळली हे करणाऱ्याच्या हातावर. त्याऐवजी नळीच्या वरच्या टोकाला स्क्रूने आवळणारी कॉर्ड ग्रिप लावा. ती केबलचं बाहेरचं आवरण पकडते, आतल्या वायरी नाही.

दिवा केबलवरच टांगणार असाल तर वजनाचा हिशोब करा. त्याच मानकानुसार तांब्यावर दर चौरस मिमीला १५ न्यूटनपेक्षा जास्त ताण नको, आणि वजन ५ किलोच्या वर नको. तीन वायरींची ०.७५ चौ. मिमीची केबल म्हणजे एकूण २.२५ चौ. मिमी, म्हणजे साधारण ३४ न्यूटन, सुमारे साडेतीन किलो. काचेची जाड शेड हे सहज ओलांडते. मग वेगळी स्टीलची तार किंवा साखळी हवी, आणि केबल तिच्यापेक्षा थोडी लांब, सैल ठेवायची.

अर्थिंगबद्दल आग्रहाने सांगतो. शेडवरचं पावडर कोटिंग पातळ दिसलं तरी ते इन्सुलेशनच आहे. स्क्रूच्या जागी ते खरवडून धातू उघडा करा, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली, स्क्रूखाली धरायची धातूची कडी) आणि दातेरी वॉशर लावा. तो स्क्रू फक्त अर्थिंगसाठीच ठेवा. शेड काढायला जो स्क्रू सोडावा लागतो त्याच्यावर अर्थिंग घेतलं, तर एक दिवस साफसफाईनंतर ते परत लागणार नाही. ॲल्युमिनियमवर उघडा तांब्याचा लग नको, दमट हवेत सांधा खराब होतो. कथील चढवलेला लग आणि स्टेनलेस स्क्रू घ्या. शेड बिजागरीवर किंवा सांध्यावर हलत असेल तर त्या सांध्यातून अर्थिंग मिळतंय असं धरू नका, वेगळी वायर न्या. आणि होल्डरच्या आत अर्थची वायर फेज-न्यूट्रलपेक्षा लांब ठेवा. केबल कधी उपटली गेलीच तर आधी फेज सुटावा, अर्थ शेवटी. फेज होल्डरच्या मधल्या टिकलीला, आट्यांच्या कवचाला न्यूट्रल, हे गृहीत धरतो.

मल्टिमीटरने अर्थिंग ठीक दाखवलं म्हणजे झालं असं नाही. त्याचा प्रवाह इतका कमी की एका तारेचा स्पर्शही त्याला पुरतो. मानकाची चाचणी किमान १० अँपियर प्रवाहावर होते आणि रोध ०.५ ओहमच्या आत लागतो. असं यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एकदा तपासून घ्या.

लॉकिंग लिक्विड: खाली पॉलिकार्बोनेटचं (पारदर्शक कडक प्लास्टिकचं) झाकण असेल तर त्याच्या आसपासही नको. आवळलेल्या पॉलिकार्बोनेटला ते लागलं की भोकांभोवती बारीक तडे जातात. तिथे नायलॉनचा लॉकनट घ्या, आणि भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा, कारण पॉलिकार्बोनेट उष्णतेने ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावतं.

छताला लावण्याआधी, वीज न जोडता, दोन चाचण्या घरीच करा. दिव्याच्या वजनाच्या चौपट भार त्याच टांगणीवर एक तास ठेवा. नळी, नट, हुक यांतलं काहीही वाकता कामा नये. मग ग्रिपलगत केबलवर पेनने खूण करा आणि ६० न्यूटनने, म्हणजे साधारण सहा किलोच्या ओढीने, झटका न देता एकेक सेकंद २५ वेळा ओढा. खूण २ मिमीपेक्षा जास्त सरकली तर ग्रिप केबलच्या जाडीची नाही, दुसरी घ्या.